गढूळच पाठवा

मळेवस्ती, नाशिक
९ जुलै २०२४

चि. तेजू हिस अनेक आशीर्वाद.

गडड... गडड... मग थोडं थांबून पुन्हा गडड. काल तुझ्या बाटल्यांसाठी ओहोळावरच्या फरशी पुलावर बादली सोडून उभा होतो, आणि लहानपणीचा हा आवाज आठवला. आमची शाळा ओहोळाच्या काठालाच होती. पूर आला की पाण्याच्या तळातून धोंडे गडगडत जायचे. वरून बघावं तर नुसतं तांबडं पाणी, धोंडा एकही दिसायचा नाही. धोंडीराम गुरुजी पाढे थांबवायचे, बोट वर करायचे आणि म्हणायचे, "ऐका रे. डोंगर गावाला निघालाय." मग सगळा वर्ग श्वास रोखून डोंगराची पावलं ऐकत बसायचा.

गुरुजी स्वतः कविता रचायचे. छापून कधी आल्या नाहीत, पण आम्हाला त्या पाठ असायच्या. एक अजून आठवते:

थेंब म्हणाला, मातीताई, चल जाऊ या गावा
गवत सोडु दे हात माझा, मग येते मी भावा.

पाण्याबरोबर माती किती जाते, कुठून निघते, कुठे जाऊन बसते, हे शिकायला तू थेट डेहराडून गाठलंस. जूनमध्ये येऊन आमच्या गच्चीवर पाऊस मोजायचं भांडं बसवलंस, बाटल्यांचा खोका ठेवलास. आमच्या गुरुजींनी हे सगळं दोन ओळींत बसवलं होतं, बघ. रागावू नको, म्हाताऱ्याची गंमत आहे.

पहिल्या पुराच्या बाटल्या या खोक्यात आहेत. नाशिकच्या द्वारका चौकातल्या कुरिअरवाल्याने "आजोबा, यात काय?" असं विचारलं. मी म्हटलं, "डोंगर." त्याने खोक्यावर 'नाजूक' असा शिक्का मारला. तू म्हणाली होतीस बाटली थेट प्रवाहात धर, पण काठ निसरडा आहे आणि सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून राहून माझे हात थरथरतात. म्हणून मी बादली दोरीने सोडतो, घरी आणतो, आणि बाटल्या सिंधू भरते. तुझ्या आजीचा हात देवापुढच्या समईसारखा स्थिर. तेवढ्या वेळात मी तुला पत्र लिहितो. फोनचं जमत नाही गं, त्याच कारखान्याने कानही नेले, जवळून मोठ्याने बोललं तरच कळतं.

तुझे बाबा बरे आहेत. तुला डेहराडूनला पाठवायला मी तुझी बाजू घेतली तेव्हापासून सोमनाथने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. माझ्या सख्ख्या भावाचा मुलगा तो, पण घरावरून जाताना नुसता हॉर्न वाजवतो. सिंधू म्हणते, वाजवतो ना, मग झालं.

तुझा,
नाना


डेहराडून
२६ जुलै

ती. नाना आणि ती. आजी यांना नमस्कार.

नाना, तुमचं पत्र मी लॅबमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. सृष्टी नावाची माझी मैत्रीण आहे, नागपूरची. तिने गुरुजींच्या दोन ओळी फळ्यावर लिहून ठेवल्यात. आमच्या सरांना मराठी येत नाही, त्यांना वाटलं काहीतरी सूत्र आहे.

बाटल्या एकही न फुटता पोहोचल्या. पण पाणी बघून मी चक्रावले. एवढं नितळ! सृष्टी म्हणाली, "हे पुराचं आहे की विकतचं?" आम्ही पाणी गाळणकागदातून गाळतो, कागद भट्टीत वाळवतो आणि त्यावर राहिलेल्या मातीचं वजन करतो. इथे काटा जेमतेम हलला.

याचा अर्थ काय माहितीये? बाबांनी गुलाबासाठी टेकडीचा खालचा अर्धा उतार सपाट केला ना, त्यावरून माती जातच नाहीये. मी जूनमध्ये त्यांना नेमकं उलटं बोलून आले होते. तुम्हाला सांगितलं होतं ना, जेवता जेवता ताट सोडून उठले होते. म्हणून मी लगेच फोन करून सांगितलं. त्यांनी मला तेच पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हंजे तुझा बाप येडा नाय ना?" आणि हसले, नाना. मी इथे आल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलताना हसले.

फक्त एक करा. बादलीतलं पाणी चांगलं ढवळून मगच बाटली भरायला सांगा, नाहीतर माती तळाला बसते.

आजीला म्हणावं, इथल्या मेसची चपाती म्हणजे माझा गाळणकागद.

तुमची,
तेजू


मळेवस्ती
१२ ऑगस्ट

चि. तेजू हिस आशीर्वाद.

ढवळायचं आम्हाला सांगावं लागत नाही, बाईसाहेब. मी ओट्यावरून बघतो ना, सिंधू बादलीत हात घालून गोल गोल, गोल गोल फिरवते. देवळात प्रदक्षिणा घालावी इतक्या भक्तीने. या खेपेच्या बाटल्याही तशाच भरल्यात.

तुझ्या निकालाने इकडे मात्र धमाल उडवलीय. परवा मी टपरीवर चहा घेत होतो. सोमनाथ मला पाठमोरा बसून, पण मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने सगळ्यांना सांगत होता, "माझी पोरगी शास्त्रज्ञ हाय. बाटलीतलं पाणी तोलून सांगती. माझं रान चिमूटभर माती सोडत नाय." देवराम दूधवाला म्हणाला, "मंग दुधातलं पाणीबी तोलती का?" सगळे खो खो हसले. सोमनाथ म्हणाला, "तुझं दूध पाठवतो, मंग कळंल." तेजू, त्या पोराची मान इतकी ताठ मी त्याच्या लग्नातसुद्धा पाहिली नव्हती.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. दसऱ्याचा झेंडू उरकला की वरचा अर्धा उतारही सपाट करायचं म्हणतोय. जेसीबी सांगून ठेवलाय. वरती ते गवत, करवंदीच्या जाळ्या, तो बसका धोंडा. पाटी-दप्तर टाकून आम्ही तिथेच लोळायचो. तिथून शाळेचं कौलारू छप्पर दिसायचं. आता शाळाही नाही आणि उद्या तो धोंडाही नसेल. पण तुझं शास्त्र सांगतंय की नुकसान नाही, तर म्हाताऱ्याने रडायचं कशाला? माती जाणार नसेल तर जाऊ दे गवत. आठवणींना काही गुलाब येत नाहीत.

सिंधूने खोक्यात शेंगदाण्याची चटणी ठेवली आहे. बाटल्यांबरोबर तीही वजन करून टाकशील.

नाना


डेहराडून
२९ ऑगस्ट

ती. नाना,

घाईत लिहितेय.

दुसऱ्या खेपेचं पाणीही नितळ निघालं. पण मी यावेळी आणखी एक तपासणी केली. पाणी आंबट आहे, नाना. चवीला नाही, चाखू नका! पण आपल्या टेकडीवरच्या पाण्यात असायला नको तितकं. कुणी वरच्या अंगाला काही सोडतंय का? एखादा टँकर येऊन रिकामा होतो का? सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून कुणी?

मला झोप लागत नाहीये. नोव्हेंबरमध्ये मला हे सगळं समितीपुढे मांडायचंय, पण ते एक वेळ राहू दे. बाबांनी माझ्या शब्दावर जेसीबी सांगितलाय. मी चुकले असेन तर वरची माती एकदाच निघेल, आणि ती परत आणून बसवायचं यंत्र आमच्याकडे नाही. बोटभर माती तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. गवताने धरलेला तो हात बाबा सोडवतील, तो माझ्यामुळे.

बादली ओहोळातून निघाल्यापासून बाटलीचं झाकण लागेपर्यंत काय काय होतं, ते बारीकसारीक सगळं लिहा. काहीही सोडू नका.

तेजू


मळेवस्ती
७ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

चि. तेजू हिस आशीर्वाद.

आमच्या ओहोळावर टँकर? अगं, बैलगाडी फिरायला जागा नाही तिथे. तुझ्या पत्राने मी चिडलोच होतो. पण बारीकसारीक लिही म्हणालीस म्हणून लिहायला बसलो. बादली सोडली, ओढली, घरी आणली, मोरीपाशी ठेवली, सिंधूने ढवळली. इथवर आलो आणि थांबलो. कशाने ढवळते ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी पत्रात आणि ती बादलीत. म्हणून तिला हाक मारून विचारलं, तर ही बाई मोदकाचं पीठ भरलेल्या हातांनी माझ्यासमोर उभी राहिली आणि पेन मागू लागली. मग म्हणाली, "मी लिहिते. तुम्ही त्यात तुमच्या कविता घालाल."

खाली तिचं अक्षर आहे.

तेजा बाळा, आशीर्वाद. म्या तुरटी फिरवली गं. तू एवढ्या लांब शिकाया गेलेली, मोठ्या मोठ्या लोकात, आन् आपल्या घरून तुला गढूळ पाणी पाठवायचं? तुझ्या मैत्रिणी बघतील, साहेब बघतील, म्हंतील हिच्या घरचे लोक असलं पाणी पितात. मला लाज वाटली. म्हनून पैल्यापासून बादलीत तुरटी फिरवून, माती खाली बसू दिली आन् वरचं चांगलं चांगलं पाणी तुझ्या बाटल्यात भरलं. फडक्यातून गाळलंबी. खालचा गाळ तुळशीला घातला. तुळस लय फोफावलीय. हे म्हंत्यात माझ्यामुळं तुझं गणित चुकलं. नाय कळलं गं मला, तुला घाणच पायजे होती ते. आजवर कुणीबी मला घाण मागितली नाय. मोदक केल्यात, तू नाहीस. रागावू नको. सिंधुबाई.

तर असं आहे. तिने दुपारपासून तुरटीचा खडा डब्यात कोंबून डबा फळीवर टाकलाय, जसा काही तोच गुन्हेगार.

नाना


डेहराडून
१९ सप्टेंबर

ती. आजी,

हे पत्र तुझं, नानांचं नाही. नानांनी फक्त वाचून दाखवायचं, कविता न घालता.

मी आधी रडले आणि मग इतकी हसले की सृष्टीने पाणी आणून दिलं, नळाचं, गाळलेलं. आजी, माझ्या अख्ख्या अभ्यासात माझ्या इज्जतीची काळजी केलेली तू एकटीच. तू चुकली नाहीस. बाटली दिली मी, आणि कशासाठी दिली ते मी नानांना सांगितलं, तुला सांगितलंच नाही. भरणार तू आणि शिकवलं त्यांना. पाणी आंबट निघालं तेही त्या तुरटीमुळेच. सरांना मी सगळं खरं सांगितलं. त्यांनी बाटल्या उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाले, इतकं स्वच्छ काम आमच्या लॅबमध्येही होत नाही. या पावसाळ्याचे आपल्या ओहोळाचे आकडे मी काढून टाकले. पुढच्या वर्षी पुन्हा भरू. गढूळच पाठवा. जितकं घाणेरडं तितकं माझं कौतुक होईल.

तुळशीच्या कुंडीत माझा सगळा अभ्यास गेलाय. तो तिथेच असू दे.

आता नाना, तुम्ही ऐका. बाबांना कोण सांगणार? फोन उचलते आणि ठेवते. टपरीवर ताठ झालेली ती मान मला डोळ्यांसमोर दिसते. पण वरचा उतार गेला तर परत येणार नाही. तुम्ही बोलाल का? मला माहितीये ते तुमच्या घरी येत नाहीत. तुम्ही जाल का?

तेजू


मळेवस्ती
६ ऑक्टोबर

चि. तेजू हिस आशीर्वाद.

गेलो होतो. सोमनाथ झेंडूत होता. दसरा तोंडावर आला, त्यामुळे सगळी वस्ती फुलं तोडतेय. मला पाहून उभा राहिला.

"रामराम काका. वाट चुकला का?"

"तुझं रान बघायला आलो."

"बघा की. पोरीनं पास केलेलं रान हाय."

मग मी सगळं सांगितलं. बादली, तुरटी, तुळस, सगळं. तो ऐकत होता आणि हातातलं फूल पाकळी पाकळी सोडवत होता. संपल्यावर म्हणाला, "म्हंजे काकूची तुरटी पास झाली, माझं रान नाय."

"तेजूने चूक ओळखली आणि लगेच कबूल केली, सोमनाथ. थोडी गोष्ट आहे का?"

"आधी म्हणाली, बाबा, तुमी चुकले. मंग म्हणाली बरोबर. आता परत चुकले. मी काय हाये काका, वाऱ्यासंगं फिरणारा पत्र्याचा कोंबडा? आन् टपरीवर काय सांगू? देवराम मला जगू देईल का?"

"देवरामचं जाऊ दे. वरचं गवत राहू दे रे. गवताने हात धरलाय म्हणून माती आहे." आणि मग, तेजू, मला आवरलं नाही. मी गुरुजींच्या दोन ओळी म्हटल्या.

सोमनाथने झेंडूची पाटी उचलून बांधावर ठेवली. मग म्हणाला, "काका, तुमी कारखान्यात पगार घेतला आन् कविता फुकट म्हटल्या. मला रान कसायचंय. जेसीबीवाला कोजागिरीनंतर येणार, सांगून झालंय." वळला. मग परत वळला आणि ओंजळभर झेंडू माझ्या पिशवीत टाकला. "काकूला द्या. म्हणावं, तुरटी लय भारी."

पिशवी घेऊन आलो. तुझं काम काही झालं नाही, बाळा. माझ्या तोंडून कविता निघाली हीच चूक झाली असेल. सिंधू म्हणते, नाही, शेवटी फुलं दिली ना.

नाना


डेहराडून
१३ ऑक्टोबर

ती. नाना,

तुमची कविता चुकली नाही. बाबांना दुसऱ्यांनी सांगितलेलं चालतच नाही, मग ती मी असो, तुम्ही असा की गुरुजी. ते दुकानातलं बियाणंसुद्धा दाताखाली फोडून बघतात.

म्हणून मी त्यांना बाटल्या पाठवल्यात. दोनच, रिकाम्या. सोबत चिठ्ठी आहे, तुम्हाला कळावी म्हणून इथे लिहिते:

"बाबा, मी तुम्हाला काही सांगत नाही. पाऊस झाला तर एक बाटली सपाट रानाच्या तोंडाशी भरा आणि एक वरच्या गवताच्या तोंडाशी. तुमच्याच हाताने भरा, कुणाला देऊ नका. खिडकीत ठेवून बघा. मग जेसीबी लावायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. तेजू."

पाऊस पडेल का हो? परतीचा पाऊस झाला तर झाला, नाहीतर कोरड्यातच यंत्र चढेल. मी इथे रोज नाशिकचं हवामान बघते. आयुष्यात पहिल्यांदा माती वाहून जावी म्हणून पावसाची वाट बघतेय. सर म्हणतात, ही शास्त्रज्ञाची गोष्ट नाही. मी म्हटलं, मुलीची आहे.

तेजू


मळेवस्ती
१९ ऑक्टोबर

चि. तेजू हिस आशीर्वाद.

सकाळीच जेसीबी आला. टेकडीच्या पायथ्याला पिवळाधमक उभा आहे, एखाद्या वरातीतल्या हत्तीसारखा. पोरं त्याच्याभोवती नाचत होती. सोमनाथ वर जाऊन हातवारे करत होता, इथून तिथपर्यंत असं. मला ओट्यावरून दिसत होतं. बसका धोंडाही दिसत होता. मी त्याला मनातल्या मनात रामराम घातला आणि तुला पत्र लिहायला बसलो.

जेवणं झाली आणि आभाळ एकदम डोंगराला टेकलं. विजा, गडगडाट, मग पाऊस असा की समोरचा गोठा दिसेना. जेसीबीवाला पत्र्याखाली पळाला. मी दार लोटून घेतलं आणि पुन्हा लिहायला लागलो, तोच पायाखालची फरशी थरथरली. थोडं थांबून पुन्हा थरथरली. तेजू, मला असं लांबचं ऐकू येत नाही, पण हे मी पायांनी ऐकलं. गडड. गडड. मी सिंधूला म्हटलं, "धोंडे निघाले गं!" ती म्हणाली, "कितीतरी वेळ निघालेत. मला वाटलं तुम्हाला कळत नाही ते बरं." मी गुरुजींसारखं बोट वर केलं आणि आम्ही दोघं म्हातारी गप्प बसून ऐकत राहिलो, ती कानांनी आणि मी पायांनी.

आता पाऊस ओसरलाय. सिंधूने मोरीपाशी बादली मांडलीय आणि सवयीने फळीवरून तुरटीचा डबाही काढलाय, पिण्याच्या पाण्यासाठी. मी तिच्याकडे बघतोय. ती म्हणते, "हे घरचं हाय, पोरीचं नाय."

थांब. ती काहीतरी सांगतेय. बाहेर हॉर्न वाजला म्हणते. वाजू दे, तो रोजच वाजतो. नाही, म्हणते, गाडी थांबली.

मी उठून दार उघडून आलो, तेजू.

दारात सोमनाथ उभा आहे. डोक्यापासून भिजलेला, गुडघ्यापर्यंत चिखल, एक चप्पल कुठेतरी ओहोळात राहिलीय. दोन्ही हातांत तू पाठवलेली एकेक बाटली, पोटाशी धरलेली, तान्ह्या लेकरासारखी. एका बाटलीत पाणी आहे म्हणवत नाही, तांबडी माती आहे नुसती, आमच्या शाळेसमोरून जायची तशी. दुसरीतून त्याच्या सदऱ्याची बटणं दिसतायत.

मी "ये" म्हटलं. तो उंबऱ्याशीच थांबला, माझ्याकडे बघेना. मोरीकडे बघत म्हणाला,

"काकू, आधी ती तुरटी उचलून ठेव. मंग आत येतो."